कच्चे मडके दाखवण्याचे धैर्य



गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत एका रविवारी मिस्सा संपल्यावर आपल्या चर्चच्या आवारात कडुनिंबाखाली मुलांचा घोळका जमलेला आम्ही पाहिला. मध्ये एक मोबाईल आणि त्याभोवती आठ-दहा डोकी. अशा वेळी मोठ्या माणसांच्या तोंडी जे शब्द येतात तेच आमच्याही तोंडी आले होते. पण जवळ गेल्यावर कळले की मोबाईलवर चाललेला खेळ बाजारातला नव्हता. पुण्याला इंजिनिअरिंग शिकणारा, आपल्याच धर्मग्रामातला एक तरुण सुट्टीला आला होता. त्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी मिळून तो खेळ तयार केला होता, तोही अवघ्या दोन दिवसांत.

खेळ अगदी साधा होता. एक मुलगी डोक्यावर घागर घेऊन आडावरून घरी निघते. प्रत्येक पावलाला थोडे पाणी सांडते. वाटेत दगड येतात, कुत्रे अंगावर येते, वारा सुटतो. घरी पोचेपर्यंत घागरीत जेवढे पाणी उरेल तेवढे खरे. चित्रे ओबडधोबड होती आणि तिसऱ्या खेपेला खेळ मध्येच अडकून बसत होता. ते लपवण्याचा प्रयत्न त्या तरुणाने केला नाही. "इथं अडकतो, वेळ पुरला नाही," असे तो सरळ सांगत होता.

त्याचे वडील शेजारीच उभे होते. त्यांनी विचारले, "दोन दिवस न झोपता हे केलंस? मग पैसे किती मिळाले?" मुलगा म्हणाला, "काहीच नाही, बाबा. सगळ्यांना फुकट वाटला." वडील पुढे काही बोलले नाहीत. सोयाबीनच्या पैशातून मुलाच्या फीची तजवीज करणाऱ्या माणसाच्या गप्प बसण्यात किती प्रश्न असतात हे आपल्या जिल्ह्यात कुणाला वेगळे सांगायला नको. दोन दिवस राबून, अर्धवट राहिलेली वस्तू, फुकट वाटून टाकायची! यात शहाणपण ते काय? हा प्रश्न आमच्याही मनात राहिला आणि आज तोच आम्ही आपल्यापुढे मांडत आहोत.

हा 'जॅम' काय आहे?

त्या तरुणाने ज्यात भाग घेतला होता त्याला 'गेम जॅम' म्हणतात. जॅम म्हटले की आपल्याला पावाला लावायचा जॅम आठवतो. येथे मात्र हा शब्द वादकांकडून आला आहे. चार वादक आधी काही न ठरवता एकत्र बसतात, एक सूर धरतो, दुसरा त्याला साथ देतो आणि त्यातून काही तरी उभे राहते. तसेच येथे संगणकावर खेळ तयार करणारे लोक एकत्र जमतात. एक विषय दिला जातो आणि ठरलेल्या वेळात, बहुधा 48 तासांत, त्या विषयावर एक छोटा खेळ करून सर्वांपुढे ठेवायचा असतो.

2002 साली 'लुडुम डारे' नावाचा असा एक उपक्रम सुरू झाला. जुन्या मंडळींनी लहानपणी लॅटिन मिस्सा ऐकली असेल. हे नावही लॅटिन आहे आणि त्याचा अर्थ 'खेळ देणे' असा होतो. यातला 'देणे' हा शब्द आपण लक्षात ठेवू या. पुढे 2009 च्या जानेवारीत 'ग्लोबल गेम जॅम' सुरू झाला. पहिल्याच वर्षी 23 देशांतील लोकांनी त्यात भाग घेतला. 2020 पर्यंत देशांची संख्या शंभरावर गेली आणि एका वर्षात नऊ हजारांहून अधिक खेळ तयार झाले. पुण्यामुंबईची तरुण मुलेही अशा जॅममध्ये बसत आली आहेत.

यातले बहुतेक खेळ महिनाभरात विसरले जातात. थोडेच पुढे वाढतात. 2013 च्या ग्लोबल गेम जॅमचा विषय शब्दांत दिलेला नव्हता. हृदयाच्या ठोक्यांचा आवाज ऐकवला गेला, तोच विषय. त्यावरून इंग्लंडमधील चौघांनी 48 तासांत एका धांदरट शल्यविशारदाचा विनोदी खेळ तयार केला आणि तो 'सर्जन सिम्युलेटर' या नावाने जगभर गेला. फिनलंडच्या आर्वी तेइकारी या तरुणाने 2017 मध्ये अशाच एका जॅममध्ये 'बाबा इज यू' हा खेळ केला आणि दोन वर्षे त्यावर काम करून 2019 मध्ये तो पूर्ण स्वरूपात आणला. त्यात खेळाचे नियमच शब्दांच्या ठोकळ्यांच्या रूपात समोर पडलेले असतात. ठोकळा ढकलला की नियम बदलतो आणि काल अडवणारी भिंत आज अडवत नाही.

पण लाखात एकाला यश मिळते म्हणून ती गोष्ट चांगली, असे म्हणणे म्हणजे लॉटरीचे तिकीट चांगले म्हणण्यासारखे आहे. तेव्हा यशस्वी खेळांना बाजूला ठेवू. जो खेळ विसरला जाणार आहे, जो तिसऱ्या खेपेला अडकतो, त्याचे मोल काय? खरा प्रश्न तो आहे.

एक शब्द, तीन गोष्टी

'गेम' हा शब्द ऐकला की आपण घाबरतो आणि या भीतीला कारण आहे. मोबाईलवर पैसे लावून खेळण्याच्या नादाने घरेच्या घरे कर्जात गेलेली आपण पाहिली आहेत. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, त्यामागेही हेच दुःख होते. त्याच कायद्याने पैसे न लावता खेळले जाणारे खेळ मात्र वेगळे काढले. आपणही तो फरक करायला हवा. पैशासाठी खेळणे ही एक गोष्ट, विरंगुळ्यासाठी खेळणे ही दुसरी आणि खेळ तयार करणे ही तिसरी. तिन्हींना एकाच काठीने हाकणे योग्य नाही.

विरंगुळ्यालाही आपण उगाच पाप ठरवू नये. तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी या प्रश्नाचा विचार केला आहे आणि त्यासाठी एक जुनी ख्रिस्ती आख्यायिका सांगितली आहे. प्रेषित योहान आपल्या शिष्यांबरोबर खेळताना दिसले म्हणून काही लोकांना ते खटकले. त्यांच्यात एकाजवळ धनुष्य होते. योहानाने त्याला बाण मारायला सांगितले, पुन्हा सांगितले, आणि मग विचारले की असे तू न थांबता करीत राहशील का? तो म्हणाला, तसे केले तर धनुष्य मोडेल. माणसाच्या मनाचेही तसेच आहे, हे योहानाचे उत्तर. अक्वायनस यांच्या मते खेळात वाहवत जाणे हा जसा दोष आहे तसा कधीच न खेळणे आणि दुसऱ्याच्या आनंदावर विरजण घालणे हाही दोषच आहे. योग्य मापात खेळता येणे हा त्यांनी सद्गुण मानला.

आणि खेळातून काही सांगताही येते. सापशिडीचे जुने रूप असलेला मोक्षपट आपली परंपरा ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडते. त्यात शिडी म्हणजे सद्गुण आणि साप म्हणजे दुर्गुण. प्रवचनात ऐकलेले विसरते, पण नव्व्याण्णवाच्या अलीकडून सापाच्या तोंडी गेलेली सोंगटी विसरत नाही. घागरीच्या त्या खेळात आडापासून घरापर्यंत जाताना आमची अर्धी घागर रिकामी झाली, तेव्हा टँकरच्या दिवसांत आपल्या आयाबहिणींनी काय वाहिले ते आमच्या बोटांना कळले. ऐकून ते असे कळले नव्हते.

गोरोबाकाकांचे थापटणे

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. अर्धवट वस्तू दुसऱ्याच्या हाती देणे योग्य आहे का?

आपल्या जिल्ह्यातील तेर हे गोरा कुंभारांचे गाव. त्यांच्याविषयीची एक कथा येथे लहानथोरांना ठाऊक आहे. संतांचा मेळा जमला असता मुक्ताबाईंनी गोरोबाकाकांना सांगितले की यातले मडके कुठले पक्के आणि कुठले कच्चे ते पारखून सांगा. काकांनी थापटणे घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर वाजवत निघाले. सारे निमूट बसले. नामदेवांना मात्र ते सहन झाले नाही. काकांनी निकाल दिला, हे मडके कच्चे आहे. नामदेवांना त्याचा फार राग आला, दुःख झाले. पण पुढे त्याच दुःखाने त्यांना गुरूच्या शोधात पाठवले.

या कथेत आम्हाला एक गोष्ट विशेष वाटते. नामदेव कच्चे होते यात कमीपणा नव्हता, कारण प्रत्येक मडके आधी कच्चेच असते. त्यांना जड गेले ते कच्चेपण चारचौघांत कळणे. आपलेही तसेच असते. आपण कविता लिहितो आणि ट्रंकेत ठेवतो. पेटी शिकतो आणि दार लावून वाजवतो. "अजून नीट जमत नाही" हे आपले पालुपद. त्यात नम्रता थोडी आणि भीती फार असते. शुभवर्तमानातील तो चाकर आपल्याला आठवत असेल, ज्याने धन्याने दिलेला रुपया जमिनीत पुरून ठेवला. त्याने तो उधळला नव्हता की चोरला नव्हता. तो फक्त भ्याला होता. तरीही धन्याने त्याला बोल लावला.

जॅममध्ये ही भीती मोडते, कारण तेथे सगळ्यांचीच मडकी कच्ची असतात. लुडुम डारेमध्ये तर अशी रीत पडली की परीक्षक बाहेरून आणायचे नाहीत, भाग घेणाऱ्यांनीच एकमेकांचे खेळ खेळून अभिप्राय द्यायचे. जो इतरांचे खेळ मनापासून खेळेल त्याचा खेळ इतरांपुढे अधिक येईल. आपले दाखवायचे असेल तर आधी दुसऱ्याचे पाहा. आपल्या सभा-संमेलनांत स्वतःचे भाषण संपताच उठून जाणाऱ्या आम्हा मंडळींना हा नियम लागू केला तर किती खुर्च्या भरलेल्या राहतील!

मात्र एक मर्यादा सांगितली पाहिजे. कच्चे मडके पक्के म्हणून विकणे ही फसवणूक आहे. ज्या बाईने ते विकत घेतले तिचे पाणी रात्रीतून वाहून जाईल. परंतु कच्चे मडके कच्चे म्हणून दुसऱ्या कुंभारापुढे ठेवणे ही फसवणूक नव्हे. ते शिकणे आहे. "इथं अडकतो" असे त्या तरुणाने आधीच सांगितले, त्यामुळे त्याचे देणे प्रामाणिक ठरले. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने 'राजी' हा खेळ काही वर्षे खपून तयार केला आणि 2020 मध्ये तो बाजारात आणला. विकायचे असेल तर असेच भाजून विकावे. दाखवायला मात्र भट्टीची वाट पाहू नये.

थापटणे कसे वाजवावे

देणाऱ्याइतकीच जबाबदारी घेणाऱ्यावर असते. त्या रविवारी कडुनिंबाखाली आम्ही मोठ्यांनी काय केले? एकाने मोबाईल हाती घेऊन, नीट न पाहता, "छान, छान" म्हणून परत दिला. दुसऱ्याने "याचा उपयोग काय?" असे विचारले. पहिल्याने थापटणे वाजवलेच नाही आणि दुसऱ्याने मडके फोडायला घेतले. आम्ही स्वतः पहिल्यांपैकी होतो हे येथे कबूल करतो.

त्या तरुणाच्या आजीने मात्र चष्मा पुसला आणि मोबाईल जवळ धरला. तीनदा तिची घागर रिकामी झाली. मग ती म्हणाली, "आरं, हिच्या डोक्यावर चुंबळ कुठाय? आन् पानी असं हिंदकळत न्हाई. घागरीत झाडाचा पाला टाकतेत, मंग सांडत न्हाई." नातू बघतच राहिला. पाण्यावर पाला तरंगत ठेवला की ते कमी हिंदकळते हे त्याला कुठल्या पुस्तकात मिळाले नव्हते. पण आजीने ते सांगितले केव्हा? त्याने अर्धवट खेळ तिच्या हाती दिला तेव्हा. खेळ गुळगुळीत, पूर्ण झालेला असता तर कदाचित तिनेही "छान" म्हटले असते.

खरे बोलणे आणि प्रेमाने बोलणे यांत निवड करावी लागते असे आपल्याला वाटते. आजीला तशी निवड करावी लागली नाही. कारण बोलण्याआधी ती तीनदा खेळली होती. ज्याने मडके हातात घेऊन पाहिले त्यालाच ते वाजवण्याचा अधिकार.

उसने घ्यावे, नाव सांगावे

दोन दिवसांत सगळे स्वतः करता येत नाही. चित्र एकाचे, आवाज दुसऱ्याचा, एखादा तुकडा आधी कुणी तरी मोकळा करून ठेवलेला. उसने घेण्यात गैर नाही, पण नाव सांगणे आवश्यक आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने 2007 मध्ये मुलांसाठी 'स्क्रॅच' हे मोफत साधन आणले. त्यात रंगीत ठोकळे एकमेकांना जोडून खेळ तयार करता येतो. एकाने केलेला खेळ दुसऱ्याने घेऊन पुढे वाढवता येतो आणि मूळ कुणाचे ते नाव तेथे दिसत राहते. आज यंत्राला सांगून काही मिनिटांत चित्र किंवा प्रोग्रॅम मिळू लागला आहे. अशा काळात "हे माझे, हे उसने, हे यंत्राचे" असे स्पष्ट सांगण्याची सवय मुलांना लहानपणीच लागली तर ती परीक्षेच्या हॉलमध्येही उपयोगी पडेल आणि पुढे ऑफिसातही.

फुकट देण्याविषयीही दोन शब्द. श्रमाचा मोबदला मागणे हे पाप नाही. मजुराला मजुरी मिळालीच पाहिजे आणि शिकाऊ मुलांचे काम स्पर्धेच्या नावाखाली घेऊन कुणी स्वतःची तिजोरी भरत असेल तर तो अन्यायच आहे. पण स्वेच्छेने दिलेल्या छोट्या गोष्टींची ताकदही ओळखावी. जून 2020 मध्ये 'इच डॉट आयओ' या ठिकाणी हजाराहून अधिक लोकांनी आपापली कामे, त्यांत कितीतरी छोटे खेळ, एका गाठोड्यात बांधून दिली. किमान पाच डॉलर देणाऱ्याला ते गाठोडे मिळे. त्यातून वांशिक न्यायाच्या कामासाठी 80 लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली. विधवेच्या दोन दमड्यांची गोष्ट आपण जाणतोच.

रविवारचे काय?

एक आक्षेप मात्र आम्ही टाळू शकत नाही. हे जॅम बहुधा शुक्रवारी संध्याकाळी सुरू होऊन रविवारी संध्याकाळी संपत आले आहेत. म्हणजे रविवार त्यातच गेला आणि झोपही गेली. त्या तरुणाला आम्ही विचारले तेव्हा त्याने मान खाली घातली. चांगल्या कामाचाही धाक बसू लागला तर ते काम आपल्यावर मालकी गाजवू लागते. विसावा ही आळशी माणसाची सवड नव्हे, तो माणसाचा हक्क आहे आणि आज्ञाही. अलीकडे ग्लोबल गेम जॅमने आठवडाभराचा अवधी द्यायला सुरुवात केली आहे, ही चांगली गोष्ट झाली. अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा आहे ती काम आटोपशीर व्हावे म्हणून. ती देह मोडण्यासाठी नाही. योहानाचे धनुष्य खेळ तयार करणाऱ्यांनाही लागू आहे.

बंधुभगिनींनो, त्या कडुनिंबाखालच्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापुरते आम्हाला असे मिळाले. त्या दोन दिवसांचे मोल खेळात नव्हते. एका तरुणाने आपले अपुरेपण न लपवता दुसऱ्याच्या हाती दिले आणि एका म्हातारीने ते तीनदा हाताळून खरे सांगितले, मोल यात होते. घरात, शाळेत, पॅरिश कौन्सिलमध्ये, अगदी नवराबायकोतही किती गोष्टी केवळ यासाठी अडून राहतात की कच्चे दाखवायचे धैर्य एकाला नसते आणि हळुवार वाजवायची सवय दुसऱ्याला नसते.

तेव्हा या सुट्टीत आपले मूल मोबाईल घेऊन बसले तर ओरडण्याआधी एकदा विचारा, "खेळतोस की करतोस?" करीत असेल तर पाच मिनिटे शेजारी बसा, खेळून पाहा, आणि मग एक खरी गोष्ट सांगा. नुसते खेळत असेल तर विचारा, "असा एखादा तू करशील का, आपल्या गावाचा?"

तो तरुण पुण्याला परत जाण्याआधी आम्हाला पुन्हा भेटला. आता मुलीच्या डोक्यावर चुंबळ होती. आडाजवळ वाकून पाला उचलला की पाणी कमी सांडत होते. तिसरी खेपही पार पडत होती. शेवटी ज्यांनी काम केले त्यांची नावे येत होती. तिघा मित्रांच्या नावांखाली एक ओळ वाढली होती: घागरीतल्या पाल्याची कल्पना, आज्जी.

वडिलांनी मात्र नोकरीचे काय ते पुन्हा विचारलेच. तो प्रश्नही खरा आहे आणि त्याचे उत्तर त्या मुलाला द्यावे लागेल. पण या वेळी त्यांनी तो विचारला तेव्हा मोबाईल त्यांच्याच हातात होता आणि घागर अर्ध्या वाटेवर आली होती.